मागच्या बाजूचा युवराज

मित्रांनो, पडदा म्हटले की तुम्हाला काहीतरी झाकणारी वस्तू आठवत असेल. दारावरचा पडदा, खिडकीवरचा पडदा. मीही आता जुना झालेला पडदाच आहे; पण झाकण्याचे काम माझ्या वाट्याला कधी आले नाही. मी दाखवण्याचे काम केले. मी फिरत्या तंबूतल्या सिनेमाचा पडदा.

माझे कापड साध्या मांजरपाटाचे. कामशेतच्या राजमहंमदभाईंनी चित्रांचे यंत्र घेतले, तेव्हा त्यांच्या पत्नी कमरजहाँभाभी यांनी चार पन्ने, म्हणजे कापडाच्या चार उभ्या पट्ट्या, जोडून मला शिवले. शिवताना त्यांनी कडा आत दुमडल्या, दोऱ्याच्या गाठी लपवल्या आणि दोन्ही अंगांनी मला सारखा केला.

राजमहंमदभाई म्हणाले, "मागच्या बाजूला एवढं बारीक कशाला शिवतेस? मागून कोण बघणार?"

भाभी दोरा तोडत म्हणाल्या, "आम्ही."

आणि तसेच झाले. तंबूच्या मधोमध दोन खांबांना मला ताणून बांधत. पुढच्या अंगाला यंत्र आणि पुरुषमंडळी. मागच्या अंगाला बायका आणि मुले. खेळ सुरू होण्याआधी राजमहंमदभाईंचा भाऊ नसीर माझ्यावर बादलीने पाणी शिंपडायचा. मी कोरडा असलो की चित्र माझ्या पुढच्याच अंगावर अडायचे. ओला झालो की ते आरपार दिसायचे. थंडीच्या दिवसांत त्या पाण्याने मी काकडून जायचो. पण मागून बायकांची कुजबुज सुरू झाली की बरे वाटायचे.

एकच अडचण होती. मागून पाहिले की चित्रातला डावा हात उजवा होतो आणि उजवा हात डावा. कापडाला त्याचा इलाज नाही. बायकांनी मात्र त्याचा आपल्या परीने अर्थ लावला होता. सिनेमातली माणसे डाव्या हाताने जेवतात, डाव्या हाताने तलवार काढतात, हे त्यांनी पाहिले आणि ठरवून टाकले की सिनेमात काम करणारी माणसे सगळी डावरी असतात. नटीचा पदर उजव्या खांद्यावर दिसायचा. म्हणून नट्या सगळ्या गुजराथिणी. मुक्या चित्रांच्या काळात मध्येमध्ये अक्षरांच्या पाट्या येत. मागून त्या उलट्या दिसत. त्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही, कारण तिकडे वाचता येणारेच कुणी बसत नसे.

पावसाळा सरला की आम्ही बैलगाडीतून निघायचो. कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. आंदर मावळात गाडी जायची नाही. तिथली माणसे डोंगर उतरून, भाकरी बांधून, चालत खेळाला यायची. मी लढाया दाखवल्या, देवांचे चमत्कार दाखवले, समुद्र दाखवला. समुद्र दिसला की पुढच्या रांगेतली माणसे पाय आखडून घ्यायची.

मग चित्रे बोलू लागली, गाऊ लागली. राजमहंमदभाईंनी तेलाचे इंजिन आणले, मोठा कर्णा आणला आणि एके वर्षी वडगावच्या जत्रेसाठी 'मोतीगडचा युवराज' नावाचा बोलपट आणला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सांगण्यासारखी गोष्ट ही त्या बोलपटाची आहे.

त्यातली कथा अशी होती. मोतीगडच्या राजवाड्यात दोन मुले एकाच दिवशी जन्मतात. एक राजाचा, दुसरा दाईचा. दोघे चेहऱ्याने हुबेहूब सारखे. दोघांच्याही गालावर तीळ. राजपुत्राच्या डाव्या गालावर, दाईच्या मुलाच्या उजव्या. एक राजवाड्यात वाढतो. दुसरा तबेल्यात मोतद्दार होतो, म्हणजे घोड्यांची देखभाल करतो. दोन्ही कामे एकाच नटाने केली होती. शेजारच्या राज्याची राजकन्या येते, तबेल्यातल्या मोतद्दारालाच युवराज समजते आणि त्याच्यावर तिचा जीव जडतो. मग खूप पळापळ होते, कपड्यांची अदलाबदल होते, दिवाणजींची पगडी घोडा खातो. शेवटी म्हातारी दाई भर दरबारात सांगते की पाळण्यातच मुलांची अदलाबदल झाली असावी, तिला आता नक्की आठवत नाही. आणि ती गाते:

*डाव्या गाली तीळ जयाच्या, मोतीगड हे त्याचे गं.*

दरबार श्वास रोखून दोघांच्या गालांकडे पाहतो. दिवाणजी चष्मा लावतात, पुन्हा पाहतात आणि "अरे देवा" एवढेच म्हणून मटकन खाली बसतात. कोण खरा, हे बोलपटात कुणीच सांगत नाही. ते पाहणाऱ्याने गालाकडे पाहून ओळखायचे. कारण तोवर राजकन्येने मोतद्दाराच्या गळ्यात माळ घातलेली असते, आणि ती दोघे एका घोड्यावर बसून गात गात निघून जातात.

आता तुमच्या ध्यानात आले असेल. पुढून पाहणाऱ्यांना मोतद्दाराचा तीळ उजव्या गालावर दिसला. म्हणजे पाळणे बदललेच नव्हते; राजकन्येने खऱ्याखुऱ्या मोतद्दाराला माळ घातली. मागून पाहणाऱ्या बायकांना तोच तीळ डाव्या गालावर दिसला. म्हणजे तबेल्यात वाढलेला तो खरा युवराज होता आणि राजकन्येने त्याला बरोबर ओळखले. एका तंबूत, एका वेळी, मी दोन वेगळे बोलपट दाखवले.

त्या संध्याकाळी कान्ह्याचे महिपतीआबा पुढच्या अंगाला बसले होते. कान्ह्यात त्यांच्या शब्दाला वजन होते. मागच्या अंगाला त्यांच्या पत्नी कस्तुराबाई आणि मुलगी शालू बसली होती. शालूची सोयरीक लोणावळ्याच्या सोपानशी ठरत आली होती. सोपानच्या वडिलांची भाताची खाचरे होती, पण वळवणला धरण झाले तेव्हा ती पाण्याखाली गेली. सोपान लहानपणापासून लोणावळ्यात एका शेठजींच्या बंगल्यावर घोडी सांभाळायचा. मुलगा शहाणा होता आणि शालूलाही पसंत होता. कस्तुराबाईंनी मोठ्या मिनतवारीने आबांचा होकार मिळवला होता. जत्रेसाठी दोन्ही घरची माणसे वडगावला येणारच होती, म्हणून दोन दिवसांनी देवळापुढे सुपारी फोडायचे ठरले होते.

सोपानही त्या दिवशी खेळाला आला होता. तो पुढच्या रांगेत बसला होता आणि शालू मागच्या अंगाला, अगदी त्याच्यासमोर. दोघांच्या मधे फक्त मी होतो. पुढून त्याच्या डोळ्यांत माझा उजेड पडला होता आणि मागून तिच्या. घोड्यावरचे गाणे लागले तेव्हा दोघे एकाच वेळी हसले. ते त्यांना ठाऊक नव्हते, मला होते.

खेळ संपला, दिवे लागले, आणि कोंडाजी नावाचा एक गावकरी मोठ्याने म्हणाला, "महिपतीभाऊ, जावई चांगला शोधलाय. बगा, घोड्यावर बसून कसा निघाला."

दुसऱ्या कुणीतरी म्हटले, "शालूला खरारा करायला शिकवा आता."

"शिकवायला कशाला लागतंय," कोंडाजी म्हणाला. "तबेल्यात नांदली की आपसूक येतंय."

माणसे हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी उपरणे खांद्यावर टाकले आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाळत घातले होते. दोन बाभळींच्या मधे दोरीवर मी लोंबत होतो. कमरजहाँभाभी माझी एक उसवलेली कड शिवत होत्या. तेवढ्यात आबा आले. मागोमाग कस्तुराबाई, आणि त्यांच्या मागे शालू.

"राजूभाई," आबा म्हणाले, "असला खेळ जत्रत दावू नगा. राजाची पोर घोडेवाल्याबरोबर पळून जाती आन लोक टाळ्या वाजवत्यात. पंचांना सांगून तंबू बंद करीन."

राजमहंमदभाईंचा चेहरा उतरला. जत्रा म्हणजे आमच्या साऱ्या वर्षाची मदार. "आबा, गमतीचा खेळ आहे. लोक हसतात, घरी जातात."

"हसत्यात, त्येच तर. मलाच हसत्यात. ती सोयरीक मोडली म्हणून समजा. मोतदाराला पोर देनार न्हाई मी."

शालू माझ्या आडोशाला उभी होती. तिने माझी कड मुठीत धरली. ती मूठ मला अजून आठवते.

कस्तुराबाई पुढे झाल्या. "अवं, पर मोतदार कुटला? त्योच तर खरा युवराज निगाला की. तबेल्यात वाढला म्हनून काय झालं? मूळ राजाचं. आपल्या सोपानचं बी तसंच हाय. मूळ जमीनवाल्याचं, पान्यानं शेतं नेली त्याला त्यो काय करनार?"

"खरा युवराज? तुला झोप लागली हुती काय?"

"झोप तुमाला लागली आसंल. डाव्या गालाला तीळ हुता. ह्या डोळ्यांनी बगितला."

"उजव्या गालाला."

"डाव्या."

"अगं उजव्या म्हनतो ना. समदी बाप्ये मानसं साक्षीला हायेत."

"आन समद्या बाया माज्या साक्षीला हायेत. तुमी त्या राजकन्येला कशाला नावं ठेवता? ती काय आपल्यातली हाय का? गुजराथीण ती. उजव्या खांद्यावर पदर हुता तिचा."

आबा थांबले. "पदर डाव्या खांद्यावर हुता कस्तुरा. आपल्या बायांवानी."

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांना चुकीचे ठरवले होते, पण खोटे कधी ठरवले नव्हते. आता दोघेही शपथेवर सांगत होते आणि दोघांचे सांगणे जुळत नव्हते.

भाभींनी सुई माझ्यात खोचून ठेवली. "आबा, मावशी, तुम्ही दोघंही खरं बोलताय. पुढून बघितलं की एक दिसतं, मागून बघितलं की त्याचं उलट. कापडच ते."

"कापडाला डावं-उजवं आसतं व्हय?" आबा म्हणाले. "मांजरपाट हाय त्यो. कुटूनबी बगितला तरी मांजरपाटच."

"मग आज बघा. आज बायका पुढं बसतील, पुरुष मागं. बघा आणि मग तंबू बंद करा."

"बायांच्या बाजूला बसू मी?"

"आज ती बायांची बाजू नसंल ना," कस्तुराबाई म्हणाल्या. "का भ्या वाटतं?"

आबांनी उपरणे झटकले आणि ते चालते झाले. पण खेळ बंद करण्याचे पुन्हा बोलले नाहीत.

दुपारी सोपान आला. आबांचा निरोप त्याला मिळाला असावा. कस्तुराबाईंनी त्याला माझ्याजवळच्या सावलीत गाठले.

"सोपाना, आबांना एकदा सांग तू. किती खाचरं हुती, किती भात पिकायचा. तुज्या चुलत्याला, रखमाजीला, संगं घे. मानसं मूळ बगत्यात बाबा."

सोपानने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "मावशी, ती शेतं म्या बी बगितली न्हाईत. पान्याखालच्या शेतावर सोयरीक कशी करू? म्या घोडी सांबाळतो. चांगली सांबाळतो. तेवडंच सांगा आबांना."

"तेवडंच सांगून मोडलीया नव्हं का."

"मग मोडू द्या. पर दुसरं सांगून जुळवू नगा. उद्या शालूनं इचारलं, शेत कुटं हाय, तर तळ्याकडं बोट दावू काय?"

कस्तुराबाई पदर खोचून निघाल्या. त्यांना राग आला होता, की बरे वाटले होते, ते त्यांच्या तोंडावरून कळेना.

संध्याकाळी नसीरने मला बांधले, भिजवले, आणि भाभींनी बायकांना पुढच्या अंगाला बसवले. पुरुष कुरकुरत मागे गेले. "हितं उजेड कमी हाय," एकजण म्हणाला. "आमाला रोज तेवडाच आसतू," पुढून एका म्हातारीने सांगितले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बायका माझ्यापुढे बसल्या होत्या. चित्र सुरू झाले आणि त्यांच्यात एकदम कुजबुज उठली. "अगं, उजव्या हातानं जेवतोय की." "डावरेपन गेलं ह्याचं." "राजकन्या आपल्यातलीच हाय गं."

मागच्या अंगाला वेगळाच गोंधळ. युवराजाने डाव्या हाताने तलवार काढली तेव्हा आदल्या दिवशीचे प्रेक्षक एकमेकांना कोपराने ढोसू लागले. मग दरबार भरला. दाईने गाणे म्हटले. दिवाणजींनी चष्मा लावला आणि कोंडाजी उठून उभा राहिला.

"महिपतीभाऊ, तीळ हिकडं आला की. काल तर ह्यो मोतदार हुता."

"खाली बस," आबा म्हणाले.

"आवं पर म्हंजी आपुन काल खऱ्या युवराजाला..."

"बस म्हनतो ना."

मी आबांकडे पाहत होतो. काल याच चित्रात, याच प्रसंगी, त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. आज राजकन्येने माळ उचलली तेव्हा ते मान हलवून "वा" म्हणाले. पण पुढच्याच क्षणी त्यांची मान थांबली. घोड्यावर बसलेला तो माणूस हसला, आणि ते हसणे कालचेच होते. घोड्याच्या मानेवर त्याने हात फिरवला, तोही कालच्यासारखाच. तीळ तेवढा इकडचा तिकडे गेला होता. आबा बराच वेळ हनुवटीवर हात ठेवून बसले. दिवे लागले तरी ते उठले नाहीत.

पुढच्या अंगाला कस्तुराबाईही अजून उठल्या नव्हत्या.

"शालू," त्या शेवटी म्हणाल्या, "ह्यो तर मोतदारच निगाला गं."

"व्हय."

"व्हय काय? तुला आश्चर्य कसं वाटंना?"

शालू पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. "मला कालच कळलं हुतं, आई. आरंभाला खेळाचं नाव आलं ना, ती अक्षरं उलटी दिसत हुती. नाव उलटं तर चित्र बी उलटंच आसनार."

शालू गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. मित्रांनो, माझ्या मागच्या अंगाला बसून मला वाचणारी ती पहिली.

"मग सकाळी बोलली का न्हाईस?"

"तू माज्यासाटनं आबांशी एवडी भांडत हुतीस. म्हटलं कशाला मधी बोलू."

कस्तुराबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले. "म्हंजी त्यो मोतदार हाय हे कळून बी तुला त्योच आवडला."

"राजकन्येला आवडला, आई."

"मी राजकन्येचं इचारत न्हाई."

कस्तुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. कालपासून ज्या मुळाच्या आधारावर त्या भांडत होत्या, ते मूळच आता उरले नव्हते. तरीही त्यांची पावले पडत होती ती भांडायला निघालेल्या माणसाचीच. माझ्या खांबाजवळ त्यांना आबा भेटले.

"तूच खरी गं कस्तुरा," आबा म्हणाले. "युवराजच हुता त्यो."

"न्हाई. तुमी खरे. मोतदारच हाय. मी पुढून बगितलाय आज."

"अगं, डाव्या गालाला तीळ हुता. आख्ख्या बाप्यांनी बगितला."

"आसंल. पर मोतदारच हाय. आन मोतदार आसला तर आसू द्या. घोडं त्याच्या हाकंला येतंय, पोरगी त्याच्याकडं बगून हसतीया. मूळ काय चाटायचंय?"

आबा एकदम हसले. आदल्या संध्याकाळपासून ते पहिल्यांदाच हसत होते. "काल मी मोतदार म्हनत हुतो, तू युवराज. आज मी युवराज म्हनतोय, तू मोतदार. आन मानूस एकच."

"आता कळलं व्हय?"

"मानूस एकच हाय," ते पुन्हा, जरा हळू, म्हणाले. मग त्यांनी तंबूच्या दाराकडे पाहिले. तिथे सोपान उभा होता. निघून जावे की थांबावे, हे न कळून तो जोड्याने माती उकरत होता.

"ए पोरा," आबांनी हाक मारली. "तुज्या चुलत्याला म्हनावं, उद्या सुपारी घेऊन या." मग ते कस्तुराबाईंकडे वळले. "आन ह्याच्या गालावर तीळ कुटं हाय त्ये आत्ताच बगून ठेव. पुढं वाद नगं."

"गालावर न्हाई," शालू म्हणाली. "हनुवटीवर हाय. मधोमध."

सगळे तिच्याकडे वळले. तेवढे जवळून तिने कधी पाहिले, हे कुणी विचारायच्या आत ती माझ्या मागे पळाली. मी ओला होतो, आरपार दिसत होतो, तरी जमेल तेवढा मी तिच्यासाठी आडोसा झालो. मी म्हटले ना, झाकण्याचे काम माझ्या वाट्याला आले नाही. पण त्या दिवशी मी प्रयत्न केला.

सकाळी देवळापुढे सुपारी फुटली. कोंडाजीने सर्वांत आधी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तो सगळ्यांना सांगत सुटला, की जावई युवराज आहे हे आपण आधीच ओळखले होते.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी वळवाचा वारा सुटला. तंबूचा एक खांब निसटला आणि माझा कडेचा पन्ना वरपासून खालपर्यंत शिवणीवर फाटला. भाभींनी तो उसवून काढला आणि जागेवर नवा पन्ना जोडला. फाटलेला तुकडा त्यांनी फेकला नाही. काठ कापून, धुऊन, कांजी लावून त्याची घडी केली आणि शालूच्या लग्नाला कान्ह्याला येताना बरोबर आणली.

तो तुकडा म्हणजे आज तुमच्याशी बोलणारा मी. तुम्ही विचाराल, तीन पन्ने तिकडे आणि एक इकडे, मग खरा पडदा कोण? हा प्रश्न मी मोतीगडच्या दिवाणजींवर सोपवला आहे.

लग्नात भटजींनी अंतरपाट मागितला. कस्तुराबाईंनी मला पुढे केले. भटजी म्हणाले, "कोरं कापड पाहिजे, हे वापरलेलं दिसतंय."

"ह्या दोघांच्या मधी पयल्यापास्नं हेच कापड हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "आता दुसरं कशाला?"

भटजींनी आबांकडे पाहिले. आबांनी मान डोलावली. माझ्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि दोघांच्या मधे मला धरले. मी पुन्हा तसाच उभा होतो; एका अंगाला सोपान, एका अंगाला शालू. मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या आणि मला बाजूला ओढून घेतले. मित्रांनो, पडद्याला कुणी दूर केले तर वाईट वाटायला हवे. मला वाटले नाही. तंबूत माझ्यावर पडलेल्या चित्रात कुणाचे तरी डावे-उजवे नेहमी चुकायचे. इथे मी बाजूला झालो, आणि दोघांनी एकमेकांना मधे काहीही न ठेवता पाहिले.

त्यानंतर माझी वर्षे लोणावळ्यात गेली. कधी ट्रंकेत दडपून राहिलो. कधी उन्हाळ्यात अंगणात पसरला गेलो आणि माझ्यावर कुरडया वाळल्या. एकदा तर सोपानने आजारी घोडीच्या पाठीवर मला पांघरले. शालूने त्याला रागावून मला पुन्हा धुऊन ठेवले. माझे तीन भाऊ तंबूबरोबर फिरत राहिले. लोणावळ्यात पक्क्या भिंतींचे सिनेमागृह झाले, तसा तंबूचा धंदा बसला. तिथला पडदा भिंतीला चिकटलेला आहे. त्याच्या मागे कुणी बसत नाही. स्त्रिया, पुरुष सगळे एकाच बाजूला बसतात, आणि ते चांगलेच झाले. पण राजमहंमदभाई म्हातारपणी म्हणायचे, भांडणात आता पूर्वीची मजा राहिली नाही.

मध्ये एकदा ट्रंकेत कसर लागली आणि माझ्या कोपऱ्यात भोके पडली. मला वाटले, संपले. पण शालूच्या मोठ्या मुलीचे लग्न ठरले आणि शालूने मला बाहेर काढले. उन्हात धरून तिने भोके पाहिली. नवे कापड सहज आणता आले असते. तिने सुई घेतली. कमरजहाँभाभींनी शिकवला होता तसा, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा टाका घालत बसली. मुलगी म्हणाली, "आई, मागची बाजू कोण बघणार आहे?"

शालू म्हणाली, "मागं बसणारा."

म्हणून मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. कापड विरले तर लगेच बोळा करून टाकू नका. उन्हात धरून पाहा, एखादा टाका पुरेल. आणि कधी दोन खरी माणसे एकाच गोष्टीवरून शपथा घेऊन भांडू लागली, तर निवाडा करण्याआधी एकदा उठा, पडद्याला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसा. उजेड थोडा कमी असेल. तीळ कदाचित दुसऱ्या गालावर दिसेल. तुम्ही तिळाकडे पाहू नका, हसण्याकडे पाहा.

आज पुन्हा मला धुतले आहे. परवा शालूच्या धाकट्या मुलीची सुपारी फुटली. अंगणात दोरीवर मी वाळतो आहे, आणि माझ्या दोन्ही अंगांना सारखेच ऊन पडले आहे.